घंटी वाजवणारा परमपूज्य

चर्चच्या कार्यक्रमाची पत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याचे हाल कुणी विचारत नाही. मजकूर दोन ओळींचा, बिरुदं सहा ओळींची. साधा पाळक रेव्हरंड, डीन व्हेरी रेव्हरंड, आर्चडीकन व्हेनरेबल, बिशप राइट रेव्हरंड आणि सगळ्यांच्या डोक्यावर मोस्ट रेव्हरंड. त्यात कुणी डॉक्टरेट मिळवलेली असली की संपलंच. पूज्य आधी की डॉक्टर आधी?

या शिडीची एक पायरी आपल्या नागपुरात घडली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी इथे सहा पंथ एक झाले आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आलं. बोलणी १९२९ पासून चालू होती. एवढा दम गोसीखुर्द धरणाच्या कंत्राटदारांनाही नाही, बाप्पा! अडलं होतं मुख्यतः दोन गोष्टींवर: बाप्तिस्मा कोणत्या वयात द्यायचा, आणि बिशप हवाच कशाला. पहिल्यावर ‘दोन्ही चालेल’ असा अस्सल भारतीय तोडगा निघाला. दुसऱ्यावरचा त्याहून बहारदार.

अँग्लिकनांकडे बिशप होते, थेट प्रेषितांपासून वारसा सांगणारे. प्रेस्बिटेरियनांकडे, म्हणजे ज्याचं नाव इथल्या कॉलेजला आहे त्या मिशनरी हिस्लॉपच्या पंथाकडे, बिशप नव्हता, होता मॉडरेटर. काम काय? घंटी वाजवायची, लांबण लावणाऱ्याला ‘बसा आता’ म्हणायचं. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये आजही त्याला वर्षभरातच खुर्ची सोडावी लागते. एकीकरणात दोघांनीही मन मोठं केलं. एकाने बिशप दिला, दुसऱ्याने मॉडरेटर, आणि ठरलं की बिशपांमधूनच मॉडरेटर निवडायचा. मग घंटी वाजवणारा मोस्ट रेव्हरंड काहून नाही होणार? नम्रता तेवढी कुणाच्याच वाट्याला आली नाही. ती बहुधा मसुद्यातच राहिली. सहांतल्याच बॅप्टिस्टांना पिढ्यान्‌पिढ्या बिशप खपला नव्हता. आता त्यांच्या नातवंडांनाही त्या पदासाठी उभं राहता येतं. एकी म्हणतात ती हीच.

साहेबाच्या देशात तर बिरुदांचा हा मामला कोर्टात गेला होता. कीट नावाच्या वेस्लियन पाळकाला मुलीच्या थडग्यावर आपल्या नावाआधी रेव्हरंड कोरायचं होतं. गावचा अँग्लिकन व्हिकार आडवा आला. खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत चढला. १८७६ मध्ये निकाल लागला: ही पदवीच नव्हे, नुसता शिष्टाचार, कोरू द्या. एका बापाला लेकीच्या थडग्यासाठी एवढं झगडावं लागलं, यातली पूज्यता कुणाची ते तुम्हीच ठरवा.

त्या निकालाची दणदणीत अंमलबजावणी मात्र आमच्या फ्लेक्सवर झाली. मोस्टच्या वर जागा उरली नाही, तेव्हा स्वतंत्र मंडळ्यांनी थेट बायबलात हात घातला: अपॉसल, प्रॉफेट. असाच एक अपॉसल परवा चौकात एका कार्यसम्राटाच्या शेजारी लटकलेला दिसला. दोघांचेही हात जोडलेले, गॉगल एकसारखा. अपॉसलच्या नावाआधी ‘डॉ.’ही होतं. मूळ अपॉसल पेत्राला ते जमलं नाही. बिचारा मासेमारीत अडकला होता.