इफिसकर काका

बायबलमधली पौलाची पत्रं मराठीत आली आणि बहुतेक 'करां'च्या नावावर झाली. रोमकर, करिंथकर, कलस्सैकर, थेस्सलनीकाकर. आमच्या नगर जिल्ह्यातल्या राहुरीकर-शेवगावकरांच्या पंगतीत त्यांना बसवलं तर वाढप्यालाही शंका येणार नाही. त्यांत गलतीकरही आहेत. त्या बिचाऱ्यांच्या आडनावाचं मला लहानपणी फार वाईट वाटे.

आमच्या मंडळीत मात्र एक जिवंत इफिसकर आहेत. त्यांचं खरं आडनाव मतदारयादीत आणि पेन्शनच्या कागदांवर असेल. शब्बाथशाळेतल्या पोरांपासून पाळकसाहेबांपर्यंत सगळ्यांचे ते इफिसकर काका. कारण इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं आठवं आणि नववं वचन ही जणू त्यांची वडिलोपार्जित जमीन. तिच्यावर दुसऱ्या कुणाला पाय ठेवू देत नाहीत, आणि स्वतः तिथून हलत नाहीत.

त्या वचनांचा मथितार्थ असा: तारण होतं ते कृपेने, विश्वासाच्या द्वारे. ते देवाचं दान आहे, आपल्या कर्मांची मजुरी नव्हे, त्यामुळे कुणालाही फुशारकी मारायला जागा उरत नाही. याच मुद्द्यावर पश्चिम युरोपातलं चर्च दुभंगलं. एवढी मोलाची गोष्ट काकांच्या हाती आली आणि खुर्च्या न उचलण्याच्या कामी लागली.

नाताळची उपासना संपते, केक वाटून होतो, आणि आवारात प्लास्टिकच्या दीडशे खुर्च्या उरतात. तरुण संघाची पोरं चार-चार खुर्च्या एकात एक घालून हॉलमध्ये नेत असतात. एका खुर्चीवर काका. पांढरा सदरा, मांडीवर चेनच्या कव्हरातलं बायबल.

"सलाम काका. तेवढी खुर्ची..."

"सलाम. बाळा, माणसाचं तारण खुर्च्यांनी होत नाही."

हे ते इतक्या मायेने सांगतात, की क्षणभर आपणच काहीतरी पाखंडी करत होतो असं वाटतं. झाडू जवळ आला, की काका दोन्ही पाय वर घेतात. चर्चच्या आवारात त्यांनी उचललेलं मी पाहिलंय ते एवढंच.

मागे कंपाउंडच्या भिंतीची वर्गणी निघाली. पावतीपुस्तक घेऊन पंच काकांकडे गेले. काका म्हणाले, "पैसे भरून स्वर्गाचं दार उघडत असतं, तर १५१७ साली विटेनबर्गमध्ये ल्यूथरने एवढा उपद्व्याप कशाला केला असता?" पंचांना फक्त प्लास्टरसाठी दोनशे रुपये हवे होते. दोनशे रुपये मागायला गेलेला माणूस ९५ प्रबंध घेऊन परत आला.

ल्यूथरचा उल्लेख काका 'आमचे ल्यूथर' असा करतात; जणू आमच्या तारकपुरात शेजारीच राहायचे. त्यांचा आवडता किस्सा म्हणजे १५२२ सालचा जर्मन नवा करार. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो असं आहे, तिथे ल्यूथरने 'केवळ' हा शब्द घातला. लोक ओरडले, तर १५३० साली पत्रक काढून सुनावलं, की जर्मन माणूस असंच बोलतो. "एक शब्द!" काका बोट वर करतात. "केवळ!"

पाळकसाहेब एकदा हळूच म्हणाले, "काका, नव्या करारात 'केवळ विश्वासाने' हे शब्द जोडीने एकाच ठिकाणी येतात. याकोबाच्या पत्रात. आणि तिथे ते 'नव्हे' म्हणण्यासाठी आलेत."

"याकोबाच्या पत्राला आमच्या ल्यूथरने पेंढा म्हटलं होतं."

"त्याच ल्यूथरने १५२० साली सत्कर्मांवर अख्खं पुस्तक लिहिलंय."

काका थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "लिहिलं ना? मग आणखी काय करायचं?"

काकांच्या शेजारी वसईचे एक कॅथलिक गृहस्थ राहतात. रोज संध्याकाळी त्यांच्या हातात जपमाळ असते. काका कुंपणावरून विचारतात, "काय, कुठवर आला स्वर्गाचा हिशेब?" गृहस्थ चिडत नाहीत. त्यांनी एकदा शांतपणे सांगितलं, की ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली या विषयावर जो ठराव केला, त्यातला पहिलाच निषेध 'कृपेवाचून, निव्वळ स्वतःच्या कर्मांनी माणूस नीतिमान ठरतो' असं म्हणणाऱ्यांचा आहे. आणि ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन पुढाऱ्यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्याही केल्यात: स्वीकार होतो तो कृपेनेच, आणि सत्कर्मं त्यामागून येतात, झाडाला फळं यावीत तशी.

"सह्या करताना नगरला कुणी विचारलं?" काका म्हणाले.

हा सगळा संवाद होईपर्यंत त्या गृहस्थांनी कुंपणावरून नळी सोडून काकांच्या जास्वंदीला पाणी घालून टाकलं होतं. ते रोजच घालतात.

आणि काकू? काकू या वादात कधीच नसतात. त्या महिला मंडळाबरोबर चहाचं पातेलं घासत असतात. मी एकदा त्यांना विचारलं, "काकू, तारण विश्वासाने की कर्मांनी?" त्यांनी राखेच्या हाताने कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाल्या, "तू ती किटली आण आधी."

पण काका लबाड आहेत असं म्हणवत नाही. आमच्या मंडळीतले एक म्हातारे गृहस्थ शेवटच्या दुखण्यात फार घाबरले होते. तरुणपणी भावाची जमीन लाटली होती, भाऊ वारला, आता फेडायची कुणाला आणि कशी? आम्ही पेज नेली, फळं नेली, औषधं आणली. त्यांचा डोळा लागेना. एका रात्री काका आपल्या जुन्या लुनावर तिथे पोहोचले. येशूच्या शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराची गोष्ट त्यांनी सांगितली. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, कुठल्या वर्गणीची पावती त्याच्याकडे नव्हती, हात खिळलेले असल्याने एक खुर्चीसुद्धा तो उचलू शकत नव्हता. आणि तरी त्याच दिवशी त्याला सुखलोकाचं वचन मिळालं. "वही तुमच्या हातात नाहीच," काका म्हणत होते, "मग बेरीज कशाला करता?" पहाटेपर्यंत ते हात धरून बसले. म्हातारबाबा झोपले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या लेकीने आभार मानले, तर काका गोंधळले. "मी कुठे काय केलं?" त्यांना खरंच तसं वाटत होतं.

हे ठाऊक असूनही गेल्या नाताळला माझा तोल गेला. पोरं लवकर पळाली होती. मी एकटा खुर्च्या वाहत होतो, आणि आवाराच्या मधोमध काका बसले होते. काकांचं बायबल मांडीवर ठेवलं की आपोआप त्याच पानावर उघडतं. पान बोटांच्या तेलाने पिवळं पडलंय. उजव्या हाताचा अंगठा खाली टेकतो, तो नेमका दहाव्या वचनावर.

"काका," मी म्हटलं, "अंगठा काढा. खालचं वाचलंय कधी?"

काकांनी अंगठा काढला, चष्मा वर केला. आपल्याला घडवलंय तेच सत्कर्मं करण्यासाठी, असं त्या वचनात आहे. त्यांनी ते ओठ हलवत दोनदा वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती खुर्च्या उचलल्यास?"

"बेचाळीस," मी ताडकन म्हणालो.

"आणि मी?"

"एकही नाही."

काकांनी बायबलची चेन सावकाश ओढली. "म्हणजे माझं दहावं राहिलंय," ते म्हणाले, "आणि तुझं नववं."

एवढं बोलून ते उठले आणि काकूंच्या मागोमाग फाटकाकडे निघाले. खुर्ची तिथेच होती.

मी ती उचलली. त्रेचाळीस.