दस्ती, टावेल आणि पुण्याचा स्कार्फ

एप्रिल संपता संपता पुण्याहून पुतणीचं पार्सल आलं. आत पातळ कागदात गुंडाळलेला स्कार्फ. इतका हलका की पोरीनं नुसता कागदच पाठवला, असं आधी वाटलं. मागोमाग फोन. "काका, ट्रॅव्हल स्कार्फ आहे. प्रवासात एकदम स्टायलिश दिसाल. बांधायच्या पंधरा पद्धतींचा व्हिडिओ पाठवलाय."

अंगावर कापड कसं घ्यावं हे पुण्यानं परभणीला शिकवायचं म्हणजे कमाल झाली. आमच्या खिशात दस्ती असते, डोक्याला रुमाल, खांद्यावर टावेल आणि थंडीत कानाला टापर. कृषी विद्यापीठानं नोंदवलेलं तापमान रोज पेपरात येतं. मे महिन्यात ते ४३-४४ असतं, डिसेंबर-जानेवारीत कधी कधी एक आकडी. दोन्ही आकडे वाचून परभणीकर एकच काम करतो. कापड काढतो आणि डोक्याला गुंडाळतो. आमच्या पाथरीचे म्हणून ज्यांच्यावर आम्ही हक्क सांगतो, त्या साईबाबांनीही डोक्याला फडकंच बांधलं होतं. स्टाइल आम्हाला नवी नाही. फक्त तिला स्टाइल म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या वडिलांचा रुमाल पांढरा, सुती, चांगला हातभर रुंद. उन्हात निघताना ते तो माठाखाली ओला करून पिळायचे आणि डोक्याला बांधायचे. सूत पाणी धरून ठेवतं, वारा लागला की पाणी उडतं आणि उडता उडता डोकं गार करतं. कूलरही हेच करतो, पण त्याला वीज लागते. शिवाय त्याच रुमालात परत येताना अर्धा किलो भेंडी बांधून आणता यायची. कूलरमध्ये ती सोय नाही.

पुतणीच्या स्कार्फवर पाणी शिंपडून पाहिलं. थेंब घरंगळून फरशीवर आले. लेबल वाचलं तर शंभर टक्के पॉलिस्टर. ज्या गावात मेहबूब बागेत कापूस संशोधन केंद्र आहे, जिथं मानवत आणि सेलूचे बाजार कापसाच्या गाड्यांनी भरतात, तिथं हे बोंडाचं तोंडही न पाहिलेलं कापड आलं होतं. खरं तलम कापड अंगठीतून आरपार जातं म्हणतात. तीही परीक्षा घ्यायची ठरवली. पण माझी अंगठी लग्नानंतर दोन वर्षांनी बोटात रुतली ती निघेना, त्यामुळं स्कार्फ त्या परीक्षेतून सुटला.

मग व्हिडिओ लावून आरशापुढं उभा राहिलो. पहिली गाठ बांधली. ही म्हणाली, "घसा बसल्यासारखं दिसायलंय." दुसरी बांधली. "आता दाढ दुखायल्यासारखं." तिसऱ्या गाठीपर्यंत माझ्या अंगात एवढे आजार निघाले, की मी साधा गळ्यात टाकून बाहेर पडलो. फाटकापाशीच शेजाऱ्याच्या पोरानं हाक मारली, "काका, कोणत्या पक्षात गेलाव?" त्याचंही बरोबर होतं. आमच्याकडं धडधाकट माणसाच्या गळ्यात अचानक नवं कापड दिसलं, की पक्षप्रवेशच झालेला असतो. पोरानं रंग निरखून पाहिले. भगवा होता, निळा होता, हिरवाही होता. "युती दिसायली," म्हणाला.

मे महिन्यात गंगाखेडला लग्न निघालं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून आमच्या घरातले सगळे प्रवास हीच ठरवते. पुरं तिकीट माझं एकट्याचं लागतं, आणि ते ती वाटेत दोनदा बोलून दाखवते.

बस फलाटाला लागली तशी गर्दी दाराकडं धावली. ही दारातून घुसली. मी अनुभवी माणूस, खिडकीकडं गेलो. खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की सीट आपलं. हा कायदा कुठं लिहिलेला नाही, म्हणून अजून टिकून आहे. मी स्कार्फ टाकला. गरम वाऱ्यानं तो परत माझ्याच तोंडावर आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. हलक्या कापडाचा हा दोष व्हिडिओत सांगितला नव्हता. तिसऱ्यांदा बोळा करून भिरकावला तेव्हा कुठं आत गेला.

रेटत रेटत सीटपाशी पोचलो तर तिथं एक गृहस्थ बसलेले. म्हटलं, "इथं माझा रुमाल होता."

"रुमाल नव्हता बा कुणाचा. एक लेडीज ओढणी पडली होती. दिली पुढं."

पाहतो तर स्कार्फ या हातातून त्या हातात पुढं चाललेला. प्रत्येक जण ओरडायला लागला, "ओढणी कुणाचीय, ओढणी?" मी तोंड मिटून घेतलं. पण पुढच्या सीटवरून खणखणीत आवाज आला, "इकडं द्या, आमच्या ह्यांची आहे." अख्ख्या बसनं मान वळवून ह्यांना शोधून काढलं. मी पोखर्णीपर्यंत उभ्यानं खिडकीबाहेर पाहत राहिलो. हिनं तो स्कार्फ डोक्यावरून घेतला. छान दिसत होता, पण ते त्या वेळी सांगण्यात अर्थ नव्हता.

लग्नात रीतीप्रमाणे टोपी-टावेल झाला. टावेल पांढरा, हिरव्या काठाचा, जाडजूड, फेकला तर खिडकीच्या आत पडणारच असा. म्हटलं, परतीचं सीट पक्कं.

पण परतीच्या बसला अर्धं वऱ्हाड आमच्याबरोबर होतं. खिडक्याखिडक्यांतून टावेल पडले, सगळे एकाच गठ्ठ्यातले, पांढरे, हिरव्या काठाचे. आत गेलो तर एकेका सीटवर तीन तीन टावेल आणि एकेका टावेलवर चार चार मालक. "हा माझाय." "कशावरून?" "काठ हिरवाय." "माझा काय लाल हाय?" व्याही विहिणीशी भांडले, मामा भाच्याशी. कंडक्टर शेवटी वैतागला, "ज्याच्या टावेलवर नाव असंल त्यानं बसा, बाकीच्यांनी उभं राहा." कुणीच बसेना.

त्या सगळ्या गोंधळात एकच सीट शांत होतं. त्यावर भगवा-निळा-हिरवा स्कार्फ पसरलेला. कुणी हात लावला नव्हता. सकाळचे दोन-चार प्रवासी याही गाडीला होते, त्यांनी परस्पर निकाल दिला होता, "ते सीट त्यांचंय. ओढणीवाल्या काकांचं."

ही खिडकीपाशी बसली, मी शेजारी. परभणी येईपर्यंत माझे तीन टावेलवाले साडू डोक्यावर उभे होते.

रात्री पुतणीचा फोन आला. "काका, कसा वाटला स्कार्फ?"

"चांगलाय," म्हटलं. "पण तो काकूनं ठेवून घेतला. मला एक दुसरा पाठव. जरा जड बघ."