निर्णयसागर

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या कोणत्याही वस्तीत, मग ती न्यू जर्सीतील एडिसनची असो वा पार्सिपनीची, असा एक गृहस्थ हटकून आढळतो की ज्याच्यापाशी पैसा आहे, नोकरी आहे, ग्रीन कार्ड आहे, दोन मजली घर आहे, आणि तरीही एखादी वस्तू बाजारभावाने विकत घेणे हा ज्याला आपल्या बुद्धीचा उपमर्द वाटतो. त्याला कंजूष म्हणणे अन्यायाचे होईल. कंजुषाला पैसे वाचल्याचा आनंद होतो. याला पैसे वाचण्याची शक्यता पडताळून पाहण्यातच एवढा आनंद लाभतो की प्रत्यक्ष वाचवण्याची वेळ बहुधा येतच नाही. आमच्या मंडळातल्या अशा एका सद्गृहस्थांना आम्ही 'निर्णयसागर' म्हणतो. मुंबईच्या जावजी दादाजींच्या विख्यात छापखान्याचे नाव त्यांना देण्यात छापखान्याचा अवमान करण्याचा हेतू नाही. परंतु ज्या जलाशयात आजवर इतके निर्णय सोडले गेले आणि एकही काठाला लागला नाही, त्याला दुसरे समर्पक नाव कोणाला सुचले नाही.

निर्णयसागरांचे तीर्थरूप सातारा जिल्ह्यातील एका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि अंगणात परके मांजर आले तरी ते कोणाच्या कब्जेवहिवाटीतले याची चौकशी झाल्याखेरीज त्याला दूध मिळत नसे, अशा शिस्तीच्या घरात त्यांचे बालपण गेले. त्यामुळे अमेरिकेत आल्यावर जेव्हा त्यांना असे कळले की येथे प्रत्येक मोटारीला सरकारने दिलेला मालकीचा दस्तऐवज असतो, त्याला 'टायटल' म्हणतात, आणि काही मोटारींच्या या दस्तऐवजावर 'सॅल्व्हेज' असा शेरा एकदा पडला की गाडी कितीही उत्तम दुरुस्त झाली तरी त्या शेऱ्याची खूण तिच्या कपाळावरून पुसली जात नाही, तेव्हा सातासमुद्रापलीकडे साक्षात सातबारा भेटल्याचा आनंद त्यांना झाला. सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' नावाचा जो रकाना असतो आणि ज्यात जमिनीची सारी दुखणी नोंदलेली असतात, तोच हा रकाना, असे त्यांनी आम्हांला पहिल्याच बैठकीत समजावून दिले. तेव्हापासून निर्वेध टायटलची गाडी त्यांना नीरस वाटू लागली.

या शेऱ्यामागचा व्यवहार थोडक्यात असा. अपघातात, पुरात किंवा गारपिटीत गाडीचे इतके नुकसान झाले की ती दुरुस्त करणे विमा कंपनीला परवडत नाही, म्हणजे कंपनी मालकाला गाडीची किंमत चुकती करते आणि तो सांगाडा लिलावात काढते. मग कोणी कारागीर तो घेतो, ठोकठाक करून उभा करतो, सरकारी तपासणीला रुजू करतो, आणि टायटलावर 'सॅल्व्हेज'च्या जागी 'रीबिल्ट' असे येते. अशा गाडीला निर्वेध गाडीपेक्षा साधारण वीस ते चाळीस टक्के कमी भाव येतो. कर्ज द्यायला बँका बहुधा नाखूश असतात. दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा सहसा मिळतो, स्वतःच्या नुकसानीचा मिळवताना मात्र पुष्कळ दारे ठोठावावी लागतात. एवढे समजल्यावर सामान्य मनुष्य एक तर घेतो किंवा घेत नाही. निर्णयसागरांचे काम येथून सुरू होते.

वॉलिंग्टन गावातल्या एका पोलिश मेकॅनिककडे मागून ठोकर बसलेली आणि दुरुस्त केलेली एक कॅमरी त्यांना सापडली होती. निर्वेध असती तर अकरा हजार डॉलरला गेली असती. तो सात हजार मागत होता. या चार हजारांच्या अंतरात निर्णयसागरांनी एक संपूर्ण हिवाळा काढला. त्यांनी संगणकावर एक तक्ता मांडला, ज्यात प्रथम 'नफा' आणि 'तोटा' असे दोनच रकाने होते आणि पुढे 'नफा वाटतो परंतु तोटा', 'तोटा वाटतो परंतु नफा' व 'चौकशी प्रलंबित' असे आणखी तीन निघाले. शेवटच्या रकान्याची वाढ सर्वांत निकोप होती. आज घेताना मिळणारी सूट उद्या विकताना आपल्यालाही द्यावी लागेल, हे ध्यानात येताच त्यांनी गाडी आजन्म न विकण्याचा संकल्प सोडला. आणि मग विकायचीच नसेल तर तिची किंमत काढायची कशाला, या विचाराने मूळ हिशेबच त्यांच्या हातून निसटला.

त्यातच त्यांना असे आढळले की गाडी केव्हा 'मेली' असे समजावे याबद्दल या देशातील राज्यांचेच एकमत नाही. ओक्लाहोमात दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या साठ टक्क्यांवर गेला की तिची इतिश्री होते. न्यू यॉर्कात पंचाहत्तर टक्के, फ्लोरिडात ऐंशी, आणि टेक्सासात शंभर टक्के भरल्याखेरीज गाडी मरतच नाही. न्यू जर्सीसारख्या काही राज्यांत ठरावीक टक्केवारीच नाही. दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराचा भाव यांची बेरीज गाडीच्या किमतीहून भारी झाली की पुरे. सत्तर टक्के दुखावलेली गाडी ओक्लाहोमात कलेवर आणि टेक्सासात धडधाकट! शंकराचार्यांना या विषयावर भाष्य करण्याची संधी मिळाली नाही, म्हणून ती उणीव निर्णयसागरांनी कोजागिरीच्या मसाला दुधापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवापर्यंत, म्हणजे जेथे पुरुषांना कोपऱ्यात उभे केले जाते अशा प्रत्येक समारंभात, भरून काढली. मला विचाराल तर त्यांच्या या प्रतिपादनात तथ्य होते. गाडीचे निर्वाण हा लोखंडापेक्षा हिशेबाचा प्रश्न आहे. जुन्या, स्वस्त गाडीच्या एअरबॅगा फुटल्या तर बाकी सारे शाबूत असूनही नव्या एअरबॅगांच्या खर्चानेच तिचा निकाल लागू शकतो. केवळ शेऱ्यावरून गाडी वाईट ठरवणारा आणि केवळ भावावरून चांगली ठरवणारा, हे दोघेही सारखेच उतावळे. फक्त निर्णयसागरांना उतावळे होण्याचे एवढे भय होते की मधला मार्ग सापडूनही ते त्यावर पाऊल ठेवीनात.

पुराच्या गाडीबाबत मात्र त्यांचे मत पक्के होते, किंबहुना हेच त्यांचे एकमेव पक्के मत. 2012 च्या ऑक्टोबरात सँडी वादळाने न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर समुद्र चढवला, तेव्हा नुकसान झालेल्या वाहनांचा आकडा अडीच लाखांच्या घरात गेला होता. लाँग आयलंडवर कॅल्व्हर्टनच्या ज्या धावपट्टीवर एके काळी ग्रुमन कंपनीची लढाऊ विमाने चाचणीसाठी उडत, तिथे लिलावाची वाट पाहत भिजलेल्या मोटारींच्या हजारोंच्या रांगा लागल्या. खारे पाणी तारांच्या जोडण्यांत शिरते आणि कैक महिन्यांनी आपली कैफियत मांडते. अशा गाड्या काही लबाड मंडळी दुसऱ्या राज्यात नेऊन, तेथील ढिलाईचा फायदा घेऊन, कोऱ्या टायटलने परत आणीत. निर्णयसागर याला 'गंगास्नान' म्हणत. 1992 च्या मोटारचोरीविरोधी कायद्याने राज्याराज्यांतील टायटलांची जोडणी करण्याची तजवीज केली आणि पुढे या स्नानाचे पुण्य बरेच कमी झाले, हे सांगताना त्यांना कचेरीच्या विजयाचा अभिमान वाटे.

त्यांच्या एका मोहिमेत मी साक्षीदार म्हणून होतो. वॉलिंग्टनच्या त्या आवारात शिरताच मेकॅनिकने किल्ली पुढे केली आणि म्हणाला, "चालवून बघा." निर्णयसागरांनी किल्ली न घेता उत्तर दिले, "ते शेवटी. आधी कागद." त्या भल्या माणसाने पत्र्यापासून दिव्यांपर्यंत प्रत्येक सुट्या भागाची पावती आणि लिलावाच्या वेळची, डिकी चेंगरलेली छायाचित्रे असे बाड काढून दिले. येथे एखाद्याचे समाधान झाले असते. निर्णयसागर मला बाजूला घेऊन कुजबुजले, "सगळे कागद आहेत. काहीतरी लपवतोय." शिवाय शेजारच्या न्यू यॉर्कात अशा गाडीची सरकारी तपासणी तिचे भाग चोरीचे नाहीत ना एवढ्यापुरती असते, गाडी रस्त्यावर सुरक्षित आहे की नाही याची हमी तिच्यातून मिळत नाही, हे त्यांनी वाचले होते, तेव्हा सरकारने सोडून दिलेले कर्तव्य त्यांनी स्वतःच्या शिरावर घेतले.

मग पंचनामा सुरू झाला. पुढच्या काचेखालचा सतरा अक्षरांचा क्रमांक त्यांनी दरवाजाच्या चौकटीवरील क्रमांकाशी मोठ्याने वाचून ताडला. रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवून पुट्टी कोठे भरली आहे ते पाहिले. सीटचा पट्टा शेवटच्या टोकापर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ शोधली, गालिचा उचलून वास घेतला, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती चिमटीत धरून उजेडात पाहिली. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळीच लागला नाही तर कोणीतरी तो काढून ठेवलेला असू शकतो. दिवा लागला आणि विझलाही. यावर निर्णयसागर म्हणाले, "जरा लवकर विझला."

परतताना त्यांनी मला जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाच्या 1970 सालच्या निबंधाचे सार ऐकवले. विकणाऱ्याला गाडीचे जे अंतरंग ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सर्वच गाड्यांना कमी भाव देऊ करतो, आणि म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात उतरेनासा होतो. या विचाराबद्दल अकरलॉफना 2001 साली नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हीच गोष्ट पुसेगावच्या बैलबाजारात कोणत्याही दलालाने एका विड्याच्या मोबदल्यात सांगितली असती, असे मी म्हणालो. निर्णयसागरांना ते रुचले नाही. दलालाने ती लेखी दिली नव्हती.

घरी वहिनींचा निराळाच तगादा होता. "अहो, गाडी नको असेल तर नको म्हणा," त्या एकदा आमच्यादेखत म्हणाल्या, "पण त्या बिचाऱ्याला दर रविवारी दुकान उघडायला लावू नका." नको म्हणणे हाही निर्णयच आहे, ही बाब त्यांच्या ध्यानात आली नसावी.

शेवटी ती कॅमरी गेली. रंगकामाचा धंदा करणारा पेरू देशातला एक तरुण आला, त्या वेळी निर्णयसागर विजेरी घेऊन कमरेपर्यंत गाडीखाली होते, आणि गाडी चालवून पाहायची असल्यामुळे त्यांना बाहेर येण्याची विनंती करावी लागली. तरुणाने वस्तीला एक फेरी मारली, एअर कंडिशनर चालतो का एवढा एकच प्रश्न विचारला आणि रोकड मोजून दिली. निर्णयसागरांनी त्याला अडवले नाही. उलट मागच्या डाव्या चाकाबद्दलची आपली टिपणे त्याला सविस्तर समजावून दिली आणि तक्त्यात नोंद केली की गाडीला गिऱ्हाईक मिळाले, अर्थात भाव योग्य असण्याचा संभव आहे. 'चौकशी प्रलंबित' हा रकाना त्यांनी बंद केला नाही.

पुढल्या वसंतात ओक ट्री रोडवरच्या सिग्नलला त्यांची स्वतःची जुनी कोरोला उभी असताना मागून एका व्हॅनने तिला धडक दिली. निर्णयसागरांना खरचटलेही नाही. गाडीचे बंपर, डिकीचे झाकण आणि एक दिवा गेला. व्हॅनच्या विमा कंपनीची दावे पाहणारी बाई घरी आली, तिने हिशेब केला आणि अत्यंत सौजन्याने सांगितले की गाडी संपली. निर्णयसागरांचा चेहरा पांढरा पडला. ज्या गाडीचे प्रत्येक ऑइल बदलल्याचे चिठोरे त्यांच्या दप्तरात होते, जिच्या अंतरंगाविषयी त्यांना तिळमात्र शंका नव्हती, तिला एका परक्या बाईने दहा मिनिटांत मृत ठरवावे! दुरुस्तीचा खर्च तर किमतीच्या ऐंशी टक्केच होता. "टेक्सासात ही गाडी जिवंत आहे," ते म्हणाले. "सर, आपण न्यू जर्सीत आहोत," बाई म्हणाली.

मग तिने दोन पर्याय पुढे ठेवले. गाडी कंपनीच्या हवाली करून पूर्ण रक्कम घ्यावी, किंवा भंगाराचा भाव वजा करून उरलेली रक्कम आणि गाडी, अर्थातच सॅल्व्हेज टायटलसह, स्वतःकडे ठेवावी. निर्णयसागरांनी लेखी मसुदा मागितला. तिने तोही दिला आणि शुक्रवारपर्यंत उत्तर कळवायला सांगितले.

त्यांनी चष्मा पुसला, तारखांचे कॅलेंडर भिंतीवरून काढून टेबलावर पसरले आणि विचारले, "कोणत्या?"