एका रविवारात कृष्णाकाठ: नवशिक्यांसाठी

पुण्याहून सकाळी निघायचं, सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे उरकायचे आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकायला घरी यायचं, हे अवघड नाही. लोक उगाच घाबरतात. त्यासाठी इतिहासाची आवड लागत नाही; असली तर उलट खोळंबा होतो. सात जणांची गाडी, तीत बसणारी आठ माणसं आणि फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे, एवढी तयारी झाली की पुढच्या सूचना क्रमाने पाळा.

१. पाचला निघायचं ठरवा, म्हणजे आठला निघाल. सहा ठरवलंत तर नऊ वाजतील. पहिला टोलनाका यायच्या आत कुणाला तरी गॅस बंद केला की नाही ते आठवेल. शेजारच्या काकूंना फोन लावा, मागे फिरू नका. खंबाटकी चढायच्या आधी मिसळ खाऊन घ्या. भुकेचा प्रश्न नाही. मिसळ हे सहलीतलं पहिलं प्रेक्षणीय स्थळ आहे, आणि दिवसभरात तुम्ही पाऊण तास थांबाल असं ते एकमेव ठिकाण.

२. गाडीत जपानला जाऊन आलेले एक भावजी असतातच. त्यांना खिडकीजवळ बसवा. नागासाकी बंदरात १६३६ साली पोर्तुगीजांना वेगळं ठेवायला पंख्याच्या आकाराचं बेट कसं तयार केलं, मग पोर्तुगीजांना हाकलून तिथे डचांना कसं आणून बसवलं, हे ते सांगतील. तिथला १६३४चा दगडी पूल १९८२च्या पुरात मोडला, तर जपान्यांनी वाहून गेलेले दगड शोधून तो परत उभा केला, हेही सांगतील आणि वर 'आपल्याकडे असं होईल का?' म्हणून विचारतील. वाद घालू नका. 'तिकडे जेवणाचे हाल झाले असतील ना हो?' एवढंच विचारा. सहलीबरोबर आलेल्या महाराजांनी हॉटेलच्या खोलीत खिचडी कशी टाकली, ही गोष्ट वाईपर्यंत आरामात पुरते.

३. वाईला ढोल्या गणपतीचं दर्शन समोरून होतं, त्यामुळे देवळाच्या मागे जायचं काहीच कारण नाही. मागे फक्त भिंत आहे. रास्त्यांनी १७६२ साली हे देऊळ अगदी नदीच्या अंगावर बांधलं आणि मागची भिंत माशासारखी निमुळती काढली, पुराचं पाणी तिथे फाटून दोन्ही अंगांनी निघून जावं म्हणून. अडीचशेहून अधिक पावसाळे कृष्णा त्या भिंतीवर येते आणि बाजूने निघून जाते. पण दगड काळा, उजेड उलटा. फोटो चांगला येत नाही. तुम्ही घाटाच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि मोठ्याने विचारा, 'दबंगचं शूटिंग इथेच झालं ना?' कुणी तरी 'गंगाजल' म्हणेल, कुणी 'ओंकारा'. हिंदी सिनेमाने वाईला इतक्यांदा उत्तरेत नेऊन ठेवलंय की एखाद्या पाहुण्याला इथे मराठी ऐकून नवल वाटावं. मराठी विश्वकोशाचं कार्यालयही याच गावात आहे. तिथे शूटिंग झालेलं नाही, तेव्हा गाडी पुढे काढा.

४. मेणवली वाईपासून हाकेच्या अंतरावर आहे, म्हणून टाळता येत नाही. नाना फडणवीसांचा वाडा बाहेरून बघा. मुलं 'नाना फडणवीस कोण?' विचारतील, 'पेशव्यांच्या वेळचे होते' हे उत्तर खरंही आहे आणि त्यापुढे प्रश्नही येत नाही. घाटावर 'स्वदेस'मधला शाहरुख बसला होता ती पायरी शोधा. नक्की पायरी कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे कुठलीही चालते.

तिथेच घाटाजवळ एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. सावध राहा, इथे वेळ जाण्याचा धोका आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांच्या घंटा मराठ्यांनी आणून ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. त्यांतली ही एक. जवळ जाऊन पाहिलंत तर घंटेच्या अंगावर बाळाला घेतलेली मेरी दिसते. म्हणजे ज्या पोर्तुगीजांसाठी १५७१ साली नागासाकीचं बंदर खुलं झालं, आणि ज्यांना ठेवायला भावजींचं ते बेट बांधलं, त्यांचीच घंटा इथे कृष्णेच्या काठी महादेवासमोर लटकते आहे, आणि बघायला तिकीट नाही. हे भावजींना सांगू नका, त्यांचा दिवस वाया जाईल. आत्याबाईंनाही सांगू नका. त्यांनी हात जोडले आहेत, ते तसेच राहू द्या.

नागासाकीला भावजींच्या त्या दगडी पुलाच्या आसपास नदीच्या भिंतीत बदामाच्या आकाराचे दगड बसवले आहेत, आणि पर्यटक ते शोधत हिंडतात. आपल्याकडे शोधत बसावं लागत नाही. कुठलाही बुरूज घ्या, बदाम बाणासकट कोरलेला असतो आणि खाली दोघांची आद्याक्षरंही.

५. हायवे सोडून लिंबला बारामोटांची विहीर बघायला नेण्याचा हट्ट एखादा शाळामास्तर धरेल. ऐका त्याचं. वरून डोकवा आणि म्हणा, 'पूर्वीचे लोक म्हणजे खरंच...' वाक्य पुरं करू नका. पुरं केलं तर काही तरी माहिती द्यावी लागते. खाली उतरलात तर पायऱ्या, दगडात कोरलेली शिल्पं, आणि विहिरीच्या पोटात चक्क दालन लागेल, त्यावर एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी सोय. वीरूबाई भोसल्यांनी शाहू महाराजांच्या काळात ती बांधवून घेतली. विहिरीत दालन कशाला, असं मुलं विचारतील. उन्हाळ्यात एकदा तिथे टेकून बसलं की उत्तर मिळतं, पण बसायला वेळ कुठे आहे?

६. कास. सप्टेंबरातल्या रविवारी कासला जायचं असेल तर ही पुस्तिका इथेच मिटा, कारण तुमचा उरलेला दिवस साताऱ्याच्या घाटरस्त्यावर पुढच्या गाडीचा नंबर पाठ करण्यात जाणार आहे. पोचलातच तर लक्षात ठेवा: पठारावरची माती वीतभरही नाही, खाली सगळा जांभा. तेवढ्या मातीत सीतेची आसवं नावाचं निळं फूल किडे खाऊन पोट भरतं आणि टोपली कारवी सात वर्षं थांबून एकदा फुलते. २०१२पासून हे पठार जागतिक वारशात आहे. या सगळ्यावर आडवं पडून, हनुवटीला हात लावून फोटो काढायचा असतो. कारवी पुन्हा येईल की सात वर्षांनी.

७. कराड. कृष्णा आणि कोयना इथे समोरासमोर येऊन भिडतात आणि तिथून वळून एक होतात. प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पाच मिनिटं, लघुशंकेसह.

८. पेठ नाक्याला डावीकडे वळून सांगलीत शिराल तेव्हा साडेपाच झाले असतील आणि गाडीत कुणी कुणाशी बोलत नसेल. काळजी करू नका, हे सगळ्यांचंच होतं. गणपतीच्या देवळात गेलात की बोलणं सुरू होतं, निदान चपला कोण सांभाळणार यावरून. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' याच गावात केलं, मराठी नाटक इथे सुरू झालं. पण तुमच्या गाडीत सकाळपासून जे चाललंय त्यापुढे नाटकाचं कौतुक कुणाला असणार.

मग आयर्विन पूल. १९२९चा, दगडी, कमानींचा, आणि संध्याकाळच्या उन्हात फोटोला उत्तम. पुलाजवळ पाण्याची पातळी मोजायचे आकडे आहेत, ते फोटोत येऊ देऊ नका, चौकट बिघडते. सांगलीकर मात्र पावसाळ्यात देवाच्या आधी त्या आकड्यांचं दर्शन घेतात. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दिवसांत इथे कुणी कुणाला 'कसं काय?' विचारत नाही, 'आज किती?' आणि 'कोयनेतनं किती सोडलंय?' एवढंच विचारतात.

भेळ खायला बाजारात जाल तेव्हा एखाद्या जुन्या दुकानदाराला सहज विचारून बघा, पाणी कुठवर आलं होतं. तो भडंग कालवायचं थांबवत नाही. डाव्या हाताने मागच्या भिंतीवर, वरच्या फळीच्याही वर, पंख्याच्या जरा खाली दाखवतो आणि लगेच विचारतो, 'तिखट किती?' मध्यम सांगा. पुढे काही विचारू नका, मागे रांग आहे.

९. हरिपूर आणि मिरज नकाशावर बघा. हरिपुरात हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती, २००५च्या पुरात त्यांतल्या पुष्कळ पेवांत पाणी शिरलं. वर बघण्यासारखं काही दिसत नाही, म्हणजे आपल्या कामाचं नाही. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत वाळवलेल्या भोपळ्यापासून तंबोरा होताना दिसतो. तिथे 'हे वाजवतात कसं?' असं विचारलंत की कारागीर हातातलं काम ठेवून तारा लावायला बसतो, आणि त्या लागेपर्यंत उठता येत नाही. ज्यांना सोमवारी ऑफिस आहे त्यांनी हे टाळावं.

१०. परतताना सगळे झोपतील, गाडी चालवणाऱ्यानेच तेवढं झोपू नये. वाटेत टोलनाके तितकेच लागतात, पैसेही तितकेच. घरी पोचायच्या आत फोटो टाकून द्या. दुसऱ्या दिवशी टाकायला बसलात तर मेणवलीचा घाट कुठला आणि वाईचा कुठला यावरून भांडणं होतात.

आणि कंदी पेढे जाताना घेऊ नका, कराड यायच्या आत संपतात. परतताना घ्या. साताऱ्यातली जुनी दुकानं तोवर बंद झालेली असतील, पण हायवेवर मिळतात. तिथे प्रत्येक पाटीवर 'मूळ' आणि 'सुप्रसिद्ध' लिहिलेलं असतं, तेव्हा निवडत बसू नका; जिथे गाडी लावायला जागा मिळेल तिथून अर्धा किलो घ्या.