कानांना आलेली दृष्टी

चाळीस हजारांची स्पीकर-केबल लावली, त्या रात्री तानपुऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ‘दिसू’ लागल्या. पैसे मोजले की कानांना दृष्टी येते. माणसाला फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, पन्नाशीत त्यातलंही वरचं बरंचसं गळतं. पण बिलाला ही मर्यादा नाही. डोळे बांधून केबल ओळखा म्हटलं, की आम्ही शौकीन विचारतो, ‘‘असल्या तणावात संगीत कळतं का?’’ दिवाळीच्या साफसफाईत बायकोने चुकून जुनी, चाळीस रुपये मीटरवाली वायर जोडली. पुढचे दोन महिने मी पाहुण्यांना ‘नव्या केबलची’ खोली समजावत होतो. खरं कळल्यावर पश्चात्ताप झालाच. ॲम्प्लिफायर हलका घेतल्याचा!