ओळ गाळणारे मास्तर

नगरच्या कुठल्याही ख्रिस्ती मंडळीत तिसऱ्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, एक मास्तर बसलेले असतात. मिशन शाळेतून निवृत्त झालेले. खिशाला दोन पेनं, त्यातलं एक लाल. हे लाल पेन पूर्वी वह्या तपासायचं, आता मंडळीचा जमाखर्च तपासतं. अमेरिकन मिशन 1831 साली नगरात आलं तेव्हापासून मास्तर इथेच बसून असावेत, असं पाळकसाहेबांना अधूनमधून वाटतं; विशेषतः हिशेबाच्या दिवशी.

मास्तर खरं बोलतात. माणसाने खरं बोलावं असं, दुसऱ्याच्या बाबतीत, आपल्या सर्वांनाच वाटतं. मास्तरांचं मात्र विचारलं तेवढ्यावर भागत नाही. हंगामाच्या सणाला लोक भोपळे, ज्वारी, अंडी, कोंबड्या आणतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. एका वर्षी पुकारा करायला मास्तरांना उभं केलं. त्यांनी कोंबडी उंच धरली. ‘दिसायला चांगली आहे. पण दोन महिने अंडं दिलेलं नाही. तिला इथे आणण्याचं कारण बहुधा तेच असावं.’ आणणारा समोरच बसला होता. 300 रुपयांवर गेलेली बोली 180 वर आली. लिलावात बोली उतरते हे मंडळीने प्रथमच पाहिलं. भोपळ्याची पाळी यायच्या आत पाळकसाहेबांनी आशीर्वाद उरकला.

‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो हं’ हे आम्ही ख्रिस्ती लोक ‘या एकदा घरी’ इतक्याच सहजपणे म्हणतो. मास्तर वही काढून नाव लिहून घेतात आणि पुढच्या रविवारी हिशेब देतात. ‘तुमच्या गुडघ्यासाठी सोमवार ते बुधवार केली. गुरुवारी डोळा लागला. शुक्रवारी केली, पण अर्धं लक्ष मॅचकडे होतं. ती धरू नका.’

एकदा ते नातवाला घेऊन रात्रीच्या एसटीने नागपूरला निघाले. रात्री बारा वाजता नातवाला पाच वर्षं पूर्ण होत होती आणि पाच पूर्ण झाले की अर्धं तिकीट लागतं. बाराच्या ठोक्याला मास्तरांनी पेंगणाऱ्या कंडक्टरला हलवलं. कंडक्टरने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘पोराचे पाच भरले, मास्तर, पण माझे बारा वाजवू नका.’

पेन्शनचा दशमांश न चुकता निघतो. महागाई भत्त्याचा फरक आला की त्याचाही. ‘औषधांचा खर्च वजा करून दिला तर चालणार नाही का?’ असं मास्तरीणबाईंनी एकदा विचारून पाहिलं. मास्तरांनी हनन्या आणि सप्पीरा यांची आठवण करून दिली. जमीन विकून आलेल्या पैशांतले काही मागे ठेवायचे आणि सगळे दिल्याचं भासवायचं, असं करणारं ते जोडपं प्रेषितांसमोर एकामागून एक मरून पडलं. बाई म्हणाल्या, ‘पण नवरा-बायकोचं एकमत तरी होतं.’ बाईंचं आवडतं पुस्तक म्हणजे ‘स्मृतिचित्रे’. ‘नवऱ्याबद्दल सगळं खरं सांगायला लक्ष्मीबाई टिळकांना चार भाग लागले. मला आठ लागतील,’ असं त्या मास्तरांच्या देखत सांगतात. मास्तर मान डोलावतात. खरं असेल ते त्यांना अमान्य नसतं.

पण मास्तर खरे कळतात ते गायनात. ‘उपासना संगीता’तली रेव्हरंड टिळकांची गीतं ते खणखणीत गातात आणि मध्येच गप्प होतात. नव्या माणसाला वाटतं, घसा बसला. तसं नसतं. सर्वस्व प्रभूच्या चरणी वाहिल्याचं कडवं आलं की मास्तर ओठ मिटतात, कारण सावेडीचा प्लॉट अजून त्यांच्याच नावावर आहे. वैऱ्यावर प्रीती करण्याची ओळ आली की आधी मागे वळून बघतात. सामाईक भिंतीवरून ज्याच्याशी कोर्टात दावा चालू आहे तो चुलतभाऊ आलेला असला, तर तीही ओळ गाळतात. एका तरुण पाळकाने त्यांना समजावलं, ‘मास्तर, हे गीत आहे, प्रतिज्ञापत्र नाही.’ मास्तर म्हणाले, ‘प्रतिज्ञापत्रात खोटं लिहिलं तर कोर्टाला कळेलच असं नाही.’

म्हणूनच मंडळी त्यांना सहन करते. लाल पेन चालवणारे गावात पुष्कळ आहेत. स्वतःच्या वहीपासून सुरुवात करणारे हे एवढेच. आणि शब्बाथ शाळेतली पोरं मास्तरांनी आज काय गाळलं याची नोंद ठेवता ठेवता गीतांचा अर्थ शिकली आहेत.

गेल्या रविवारी वैऱ्यावरच्या प्रीतीची ओळ आली. चुलतभाऊ मागच्याच बाकावर होता. मास्तरांनी वळून त्याच्याकडे पाहिलं आणि ती ओळ खणखणीत गायली. पेटीवाला ताल चुकला. संध्याकाळी चुलतभाऊ मास्तरांच्या घरी हजर. चहा झाला, जुन्या आठवणी निघाल्या, आजोबांच्या शेताची गोष्ट झाली. शेवटी त्याने हळूच विचारलं, ‘मग दादा, भिंतीचं काय ठरलं?’

‘भिंतीचं कडवं पुढे आहे,’ मास्तर म्हणाले. ‘ते मी अजून गात नाही.’