माळ्यावरचे काका

मखर उभं करायला माणसं बोलवावी लागत नाहीत. चतुर्थीच्या आदल्या रात्री घरात नुसती झुंबड असते. भाचे, पुतणे, 'अजून जरा डावीकडे' एवढं म्हणण्यासाठीच आलेले भावोजी. पहाटे तीनपर्यंत चहा होतो, सेलोटेपचं टोक हरवतं, सापडतं, परत हरवतं. विसर्जनानंतर यातला एक जण दिसेल तर शपथ! कुणाला सकाळी ऑफिस असतं, कुणाचा ओरडून घसा बसलेला असतो. रिकाम्या मखरासमोर स्क्रू ड्रायव्हर घेऊन एकच गृहस्थ उभे असतात. ते काका. प्रत्येक घराण्यात एक असतातच. ज्या घरात नसतात, तिथलं तोरण संक्रांतीला पतंगात अडकतं.

सजावट चालू असताना काकांना कुणी काही विचारत नाही. तरी ते कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बोलतात. "ती टाचणी तिथे नको, काढताना पडदा फाटेल." बाकीचे मखर कसं दिसतंय ते बघतात, काका ते सुटं कसं होईल ते बघतात. आरतीला टाळ वाजवतानाही त्यांची नजर गाठींवर असते. एखाद्या पुतण्याने सुतळीला निरगाठ मारलेली दिसली, की काकांचा ताल चुकतो.

उत्तरपूजा झाली, मिरवणूक निघाली, की सगळे 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतात. हे वाक्य तारीख म्हणून घेणारे काका एकटेच. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती. घाटावर सगळे लवकर यायचा आग्रह करत असताना काका शेजाऱ्याच्या कानात म्हणाले, "लवकर कसले? पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. चौदा सप्टेंबर." नेहमीच्या मुक्कामापेक्षा सामान जास्त दिवस माळ्यावर राहणार, या हिशेबाने त्यांनी डांबराच्या गोळ्याही वाढवल्या.

वाटली डाळ संपायच्या आत काम सुरू होतं. पितृपक्ष लागण्यापूर्वी सगळं वर गेलं पाहिजे, हा दंडक. तो कुठल्या ग्रंथात आहे ते काका सांगत नाहीत. पहिला मान विजेच्या माळांचा. पंजा आणि कोपर यांच्यामध्ये माळ गुंडाळणाऱ्या माणसाशी काकांचं कधीच पटलं नाही. त्यांच्याकडे पुठ्ठ्याचे तुकडे असतात, दोन्ही कडांना खाचा पाडलेले. त्यावर माळ एकेक वेढा देत बसवायची, पिन शेवटी बाहेर राहिली पाहिजे, म्हणजे पुढच्या वर्षी न सोडवता लावून बघता येते. मग चिठ्ठी. 'तोरण नं. 2. अर्धं बंद. चालू होईल.' हे तोरण लोहार चाळीतून आणलं तेव्हा थोरला शाळेत होता. आता त्याचा मुलगा शाळेत आहे. तोरण अजून चालू व्हायचं आहे.

खोक्यांचं शास्त्र वेगळं. नवीन मिक्सर आला की घरातले मिक्सर बघतात, काका खोकं बघतात. आतल्या खाचा कशाच्या मापाच्या आहेत, हे त्यांना पावती फाटायच्या आत कळलेलं असतं. त्यामुळे माळ्यावरच्या एका खोक्यावर मिक्सरचं चित्र, त्यावर काट मारून 'पडदे', त्यावर काट मारून 'झुरमुळ्या', आणि हल्लीच्या शाईत 'गौरी: हात'. एकदा टाकीचा पाइप बघायला प्लंबर वर चढला आणि ते खोकं उघडून जो खाली आला, तो पाना घ्यायलाही परत गेला नाही.

गौरींच्या बाबतीत मात्र काकांची सत्ता अर्धीच. पितळी मुखवटे चिंचेने घासून, कोरडे करून, मलमलीत गुंडाळणं आणि साड्यांच्या घड्या हा काकूंचा प्रांत. लोखंडी स्टँड, कोथळ्या आणि हात काकांकडे. दोन्ही खात्यांत पत्रव्यवहार कमी. म्हणून दरवर्षी ज्येष्ठागौरींच्या आवाहनाला मुखवटे तयार असतात, साड्या तयार असतात, आणि स्टँडचा एक नटबोल्ट सापडत नसतो. तो श्रीखंडाच्या डब्यात असतो. श्रीखंडाचे डबे बावीस आहेत.

थर्माकोलचा विषय काढू नये. माळ्याच्या अगदी आत, भिंतीला टेकून, एक पांढराशुभ्र महाल उभा आहे. घुमट, खांब, दोन मोर. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून तो खाली उतरलेला नाही. उतरवता येत नाही आणि टाकवत नाही. वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पुतण्याने अधिसूचना वाचून दाखवली. वापर, विक्री, वाहतूक आणि साठवण, सगळ्याला मनाई. काका म्हणाले, "साठवण गोदामात असते. ही आठवण आहे." पुतण्या पुढे बोलला नाही. माझ्या मते तो वकिलीत फार पुढे जाणार नाही.

दिवाळीत कामाचा बोजा कमी, पण मनस्ताप जास्त. आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेला उतरला पाहिजे, असं काकांचं मत. समोरच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक कंदील होळीपर्यंत असतो. आधी गुलाबी, मग पांढरट, मग नुसत्या कामट्या. काका त्या बाजूची खिडकी उघडत नाहीत. मुलांच्या किल्ल्याचं विसर्जन बादलीभर पाण्यात होतं, पण त्याआधी काका मावळ्यांची हजेरी घेतात. महाराज कापसात, वेगळ्या डबीत. घोडेस्वार उभे. हात-भाला तुटलेले 'जखमी' लिहिलेल्या बुटांच्या खोक्यात. त्यांना फेविकॉल लावायचा राहून गेला आहे, म्हणून ते दरवर्षी किल्ल्याच्या मागच्या उतारावर तैनात होतात.

एवढी शिस्त असूनही ऐन वेळी हवी ती वस्तू कधीच सापडत नाही, अशी घरातल्यांची तक्रार असते. काकांना सापडते. कारण यादी कुठेही लिहिलेली नाही, ती काकांच्या डोक्यात आहे. 'मोत्यांच्या माळा कुठे आहेत?' असं कुणी विचारलं की ते डोळे मिटतात. "डावीकडे, प्रवासाच्या बॅगेच्या आत, तिच्या आतल्या बिस्किटाच्या डब्यात. पण आधी कूलर काढावा लागेल." हे म्हणताना त्यांचा चेहरा बघावा. पेन्शनच्या दिवशीही असा नसतो.

यंदा सुनेने सुधारणा करायचं ठरवलं. आधी झाकणाचे पारदर्शक डबे आणू म्हणाली. "आतलं सगळ्यांना दिसतं त्यात," काका म्हणाले, आणि हा गुण आहे असं त्यांच्या सुरावरून वाटलं नाही. मग तिने खोक्यांना एक ते चोवीस नंबर चिकटवले आणि कशात काय आहे ते फोनवर टिपून घेतलं. घरातल्या सगळ्यांना यादी पाठवली. काकांनाही. काकांनी अंगठा उंचावलेलं चित्र पाठवलं. दुपारी सगळे झोपले असताना त्यांनी स्टूल लावलं, आणि चार व नऊ या दोन नंबरांच्या चिठ्ठ्या नखाने अलगद सोडवून एकमेकांच्या जागी लावल्या.

घटस्थापनेच्या सकाळी सून फोन घेऊन स्टुलावर उभी होती.

"बाबा, चार नंबरात समया नाहीत! हात आहेत!"

बाबांनी पेपरचं पान उलटलं. "आलोच," म्हणाले, पण आधी चहा संपवला.